तोंड सांभाळण्याच्या सात सवयी

४ ऑक्टोबर, रविवार. दुपारी २.१५

फ्रिजवर चिठ्ठी. मुलीचं अक्षर. 'पप्पा, लग्न होईपर्यंत तोंड सांभाळा. नाहीतर चर्चमध्ये मला वेदीपर्यंत मामा घेऊन जाईल.'

वेलांट्या बरोबर. पूर्णविराम जागच्या जागी. माझीच मुलगी.

लग्न ३१ तारखेला. मामा म्हणजे माझा मेव्हणा, गोडबोल्या. ज्याला भिंतीत एक खिळा सरळ ठोकता येत नाही, तो माझ्या मुलीचा हात धरून सगळ्या मंडळीसमोर चालणार. आणि मी बाकावर बसून बघणार. माझ्या जिवंतपणी हे होणे नाही.

बायको या चिठ्ठीचा संबंध गेल्या रविवारच्या चहाशी लावते. व्याह्यांकडे गेलो होतो. त्यांच्या दिवाणखान्यातल्या मोठ्या आरशाच्या काचेला लाट आहे, त्यामुळे त्यात सगळे लांबट दिसतात, आणि विहीणबाई मुळात इतक्या लांबट नसाव्यात, एवढंच मी म्हणालो. तीस वर्षं काच-आरशांचं दुकान चालवणाऱ्याने हे सांगायचं नाही तर कोणी सांगायचं? बायको म्हणते, तोंड सांभाळा म्हणजे जीभ सांभाळा, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी शब्द तोलून वाचणारा माणूस आहे. जीभ म्हणायची असती तर मुलीने जीभ लिहिलं असतं. तोंड म्हणजे केसांपासून हनुवटीपर्यंतचा भाग. लग्नात फोटो निघणार. पोरीला काळजी वाटली, साहजिक आहे.

दुकान उघडून मोठ्या आरशासमोर उभा राहिलो आणि टेप लावली. भुवयांच्या मध्ये दोन उभ्या आठ्या. डावी २२ मिलिमीटर, उजवी १९. गुण्या लावला तर काटकोनात नाहीत. इतके आरसे कापले, पण नजर नेहमी कडेवर. मधला माणूस आज नीट पाहिला. फार रागीट दिसतो. कोणीतरी त्याला आधीच सांगायला हवं होतं.

५ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी ६.००

चर्चच्या मंडळीच्या मासिकात 'भगिनींचं पान' असतं. त्यात सापडलं: आतल्या-बाहेरच्या सौंदर्यासाठी रोजच्या सात साध्या सवयी. दोनदा तोंड धुणे. आठ ग्लास पाणी. क्रीम. स्वच्छ नखं. आठ तास झोप. रोज एक दयेचं काम. प्रत्येकाशी हसून बोलणं. पान भगिनींचं असलं तरी कातडी ती कातडी.

ग्लास किती मिलीचा, ते लिहिलेलं नाही. संपादकांना पत्र टाकलं. माझी शाळा सातवीत सुटली, भूमिती मी काचेवर शिकलो, पण 'आठ ग्लास' इतकं ढिलं वाक्य माझ्या हातून गेलं नसतं. नम्रतेचाही उल्लेख राहिला आहे. माझं त्यावाचून अडत नाही, ती माझ्याकडे आहे. पण इतरांसाठी हवा होता.

निश्चय: सातही सवयी, सत्तावीस दिवस, खंड नाही.

५ ऑक्टोबर. संध्याकाळी ७.१०

ग्लास २५० मिलीचा धरला. दुपारपर्यंत सहा. स्वच्छतागृह इमारतीच्या मागच्या बाजूला. नऊ फेऱ्या. सातव्या फेरीला एक गिऱ्हाईक वाट बघून निघून गेलं. आठव्या आणि नवव्या फेरीच्या मध्ये काच कापायची हिरकणी चालवली ती घाईत, आणि काच चार मिलिमीटर आखूड. अकरा वर्षांत पहिल्यांदा. ज्याची काच तो म्हणाला, काका, चालेल हो. चालेल म्हणजे काय? चार मिलिमीटर चालतात? त्याला उभं करून फट म्हणजे काय ते समजावलं. तो ऐकत नव्हता.

हसून बोलणे: शून्य. गिऱ्हाइकाचा दोष.

७ ऑक्टोबर, बुधवार

क्रीम आणली. डबीवर 'सर्व प्रकारच्या त्वचेसाठी'. औषधवाल्याला विचारलं, काच घासणाऱ्याच्या त्वचेलाही का? तो म्हणाला, सर्व म्हणजे सर्व. मग 'सर्व प्रकारच्या' कशाला, नुसतं 'त्वचेसाठी' पुरत होतं. शिवाय लेबल तिरकं चिकटवलेलं. मागे रांग लागली. एक बाई म्हणाली, दादा, लावायची असली तर घ्या, वाचायची असली तर वाचनालयात जा. रांगेतले सगळे हसले.

घरी आल्यावर लावली. डोळ्यात गेली. बायको म्हणाली, डोळे मिटून लावतात. हे डबीवर लिहिलेलं नाही.

९ ऑक्टोबर, शुक्रवार

दयेचं काम क्रमांक १. (सोमवार ते गुरुवार योग्य व्यक्ती मिळाली नाही.)

खालच्या मजल्यावर पार्लर आहे. ती बाई जिन्यात भेटली. मी हसून सांगितलं की तिच्या केसांचा रंग मागच्या बाजूला मानेपासून सव्वा इंच वरच थांबला आहे, तिला आरशात दिसत नसणार, तेव्हा दोन आरशांची सोय मी करून देईन. दया आणि हसू एकाच वाक्यात, म्हणजे दोन सवयी. ती म्हणाली, काका, तुमच्या कानात जे उगवलंय त्याची वेणी घालता येईल, त्याचीही सोय मी करून देईन.

लोकांना दया घेता येत नाही. तरी नोंद: दया १, हसू १.

११ ऑक्टोबर, रविवार

उपदेश नेमका दयाळूपणावर. पाळकसाहेब म्हणाले, दया तोंडापासून सुरू होते. मी बायकोला कोपराने ढोसलं. बघ, पाळकही तोंडच म्हणतात. ती डोळे मिटून प्रार्थना करत होती. बराच वेळ करत होती.

बाहेर पडताना पाळकसाहेबांना सांगितलं की उपदेश चांगला होता, फक्त 'सहनशीलता' हा शब्द ते तीनदा 'सहनशिलता' असा आखडून म्हणाले. ते म्हणाले, तुमच्यासारखे चारजण मंडळीत असले की त्या शब्दाचा सराव आपोआप होईल. कौतुकच केलं, पण आवाजात काहीतरी होतं.

१३ ऑक्टोबर, मंगळवार

आज आठ्या: डावी २२, उजवी १९. काहीही फरक नाही. नऊ दिवस झाले. अठरा लिटर पाणी कुठे गेलं?

विचार केला. बाहेरची बाजू मी पूर्ण करतो आहे, म्हणजे कमी पडते आहे ती दया. छोट्या-छोट्या दयेने भागणार नाही. मोठं काम हवं. आणि ते जिथे बिघडलं असं बायको म्हणते, तिथेच.

दुकानात सर्वांत उत्तम सहा मिलिमीटरची काच आहे. चार बाय अडीच फूट. व्याह्यांच्या आरशाचं माप मला नजरेने पाठ आहे. न सांगता जायचं. मागितल्यावर केलेली दया ही दया नव्हे, ती ऑर्डर.

१४ ऑक्टोबर, बुधवार. रात्री ८.००

शांतपणे लिहितो.

दुपारी तीनला व्याह्यांकडे पोचलो. व्याही बाहेर गेले होते. विहीणबाईंनी दार उघडलं. मी हसलो (नोंद: हसू १) आणि म्हणालो, तुम्ही चहा ठेवा, तोवर मी भिंत मोकळी करतो. त्यांना वाटलं मी गमतीने बोलतो आहे. त्या आत गेल्या.

आरसा खाली घेतला. चौकट जुनी, खिळे गंजलेले. एका कोपऱ्यातून काढताना काचेने आवाज दिला. तो आवाज मला ओळखीचा आहे, तो आला की हात काढून घ्यायचा असतो. काढला. आरसा कोपऱ्यापासून मधोमध तडकला आणि वरचा भाग खाली आला.

तो व्याह्यांच्या आईचा होता. म्हणजे जावयाची आजी. ती रोज सकाळी त्यात बघून केस विंचरायची, आणि ती गेल्यावर घरातल्या कोणी त्याची जागा हलवली नव्हती. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी चौकट आधी तेल लावून सैल केली असती.

विहीणबाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या. रडल्या. मी समजावलं की पारा मागून उडालाच होता, फार तर दहा वर्षं टिकला असता. त्या जास्त रडल्या. मग मी नवा आरसा लावून दिला. अगदी ओळंब्यात, सरळ. त्यात बघा म्हणालो. त्यांनी बघितलं नाही. फुटलेले तुकडे पेटीत भरून जुन्या चौकटीसह बरोबर आणले, पायात जाऊ नयेत म्हणून.

चहा कोणी प्यायलं नाही.

१५ ऑक्टोबर, गुरुवार

मुलगी सकाळीच दुकानात आली. ओरडली नाही. ओरडली असती तर मी उत्तर दिलं असतं. म्हणाली, पप्पा, तोंड म्हणजे बोलणं. तुमचं बोलणं. चेहऱ्याचं मला काही नाही, तुमचा चेहरा मला लहानपणापासून पाठ आहे. व्याही काही बोलले नाहीत म्हणे, आणि तेच तिला सहन झालं नाही. मामाला तिने कालच विचारलं आणि तो हो म्हणाला.

मी म्हणालो, मग जीभ लिहायचं होतं.

ती निघून गेली.

पण लिहायचं होतं. मी अजून म्हणतो.

१६ ऑक्टोबर, शुक्रवार

सातही सवयी बंद. तोंड धुतलं नाही. क्रीमची डबी खिडकीतून फेकणार होतो, पण खाली पार्लरवाली उभी होती.

गोडबोल्या सूट शिवून घेतो आहे. बायकोने फोनवर त्याला विचारलं, कोणता रंग. तो म्हणाला म्हणे, ताई, तू सांगशील तो. ताई तू सांगशील तो. असा माणूस. स्वतःचं मत म्हणून नाही. ज्याच्या गुळगुळीतपणावर माशी बसली तर घसरेल, तो मुलीचा आधार. तीस वर्षं मी उन्हात भट्टीसारख्या दुकानात काच उचलली ती कोणासाठी? हाताला सतरा व्रण आहेत. मोजलेत. गोडबोल्याच्या हाताला एक तरी दाखवा.

१७ ऑक्टोबर, शनिवार

बायकोशी भांडण. सकाळी नऊ ते सव्वादहा, मध्ये कुकरसाठी थांबलो. मी व्याही, पाळक, औषधवाला, मासिकाचे संपादक, गोडबोल्या आणि गोडबोल्याचा शिंपी यांच्याबद्दल सविस्तर बोललो. ती भाजी निवडत होती. शेवटी एवढंच म्हणाली की, अहो, या सगळ्यांत तुम्ही कुठे आहात? मी म्हणालो, मी कुठे असणार, मी बरोबर आहे.

मग घसा बसला. आवाजच निघेना.

१९ ऑक्टोबर, सोमवार

आवाज नाही. दुकानात पाटीवर खडूने लिहून गिऱ्हाइकं केली. नेहमीपेक्षा जास्त झाली. योगायोग.

तुकड्यांची पेटी टेबलाखाली होती. पाय सारखा लागत होता, म्हणून उघडली. एक तुकडा बरा. लाट त्यातही आहे. आधी वाटलं, फेकावा. मग हिरकणी घेतली. वीस बाय तीस सेंटिमीटर निघाला. जुनी काच फार नाजूक, श्वास धरून कापावी लागते. कडा हाताने घासल्या, मशिनवर नाही. साडेतीन तास. जुन्या चौकटीचंच लाकूड कापून बारीक चौकट केली. पारा उडालेली जागा तशीच ठेवली. नवा चढवता येतो. नाही चढवला. का, ते मला नीट सांगता येत नाही.

२० ऑक्टोबर, मंगळवार

संध्याकाळी नेऊन दिला. दार व्याह्यांनी उघडलं. मी घशाकडे बोट दाखवलं आणि पुडकं पुढे केलं. माझ्याकडे सांगण्यासारखे आठ मुद्दे होते. एकही सांगता आला नाही, यासारखी दुसरी चिडचिड नाही. विहीणबाई आतून आल्या. आरसा हातात घेतला, त्यात बघितलं, आणि लाटेमुळे स्वतःला लांबट बघून हसल्या. म्हणाल्या, सासूबाई मला यातच दाखवून म्हणायच्या, तू उंच दिसतेस गं.

व्याही म्हणाले, बसा. तासभर बसलो. ते त्यांच्या आईबद्दल बोलत होते. दोन तपशील चुकीचे वाटले. चहा प्यायलो.

२१ ऑक्टोबर, बुधवार

मुलगी घरी येऊन माझ्या शेजारी बसली. तिला सगळं कळलं होतं. तिने माझ्या बोटांवरची घासकामाची पांढरी पूड पुसली.

आठ्या मोजल्या. डावी २१, उजवी १९. क्रीमचा परिणाम उशिरा दिसतो, हे डबीवर लिहायला हवं. क्रीम पुन्हा सुरू.

२५ ऑक्टोबर, रविवार

आवाज पूर्ण आला. चर्चहून येताना मुलगी म्हणाली, पप्पा, मला तुमच्याबरोबरच चालायचं आहे. मामाला मी सांगेन. फक्त एक अट. चर्चच्या दारातून आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. गालिचा तिरका असला तरी नाही. फुलदाण्या कमी-जास्त उंचीच्या असल्या तरी नाही. पाळकांनी काहीही आखडून म्हटलं तरी नाही. एक शब्द नाही म्हणजे नाही.

मी विचारलं, कुजबुजलं तर? ती म्हणाली, पप्पा.

शपथ घेतली. मी दिलेलं माप कधी चुकवत नाही, हे तिलाही माहीत आहे.

गोडबोल्याला कळवलं तर तो म्हणाला म्हणे, छान झालं, तो मान त्यांचाच. याला काय म्हणावं? माणसाने निदान रुसावं.

३० ऑक्टोबर, शुक्रवार

उद्या लग्न. आज संध्याकाळी चर्चमध्ये रंगीत तालीम होती. मी गेलो नाही. दारापासून वेदीपर्यंत चोवीस पावलं, मी मोजून ठेवली आहेत. तालीम गोडबोल्यासारख्यांसाठी.

त्या वेळात पार्लरवालीकडे गेलो. तिने कानांचं काम केलं, ठरलं होतं तसं. वर फेशियल. आपण होऊन म्हणाली, लग्नाचं माझ्याकडून. तिला बसल्या-बसल्या तिचा आरसा दोन अंश झुकलेला असल्याचं सांगणार होतो, पण तोंडावर लेप असताना बोलायचं नाही असं तिने बजावलं. वीस मिनिटं गप्प होतो. जमतं. उद्यासाठी हीच माझी तालीम.

तोंड लाल झालं आहे. सकाळपर्यंत उतरेल म्हणाली. आजवर इतका तयार मी कधीच नव्हतो.

३१ ऑक्टोबर, शनिवार. संध्याकाळी ६.४०

घडलं तसं लिहितो, म्हणजे दोष कोणाचा ते स्पष्ट होईल.

दारात मुलीने माझा हात धरला. तिचा हात गार होता. आत गेलो. गालिचा तिरका होता, उजवीकडे सुमारे सहा सेंटिमीटर. बोललो नाही. डावी फुलदाणी उजवीपेक्षा बुटकी. बोललो नाही. चोवीस पावलं, एकही जास्त नाही. लोक माझ्याकडे बघत होते. लाली उतरली नव्हती, पण त्यांना ते तेज वाटलं असणार.

वेदीपाशी थांबलो. पाळकसाहेबांनी पुस्तकातून वर बघून विचारलं, या मुलीला विवाहासाठी कोण देत आहे?

हा प्रश्न येतो, हे मला ठाऊक होतं. आजवर पन्नास तरी लग्नं पाहिली असतील. उत्तर एकाच शब्दाचं असतं. मी. पण शपथ एक शब्दही न बोलण्याची होती, आणि 'मी' हा शब्द आहे. व्याकरणाने तर तो सर्वनाम आहे. अपवाद ठरला नव्हता. अपवाद करायचा तर तो मुलीने करायचा, म्हणून मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती. ती मी बोलण्याची वाट बघत होती आणि मी तिने परवानगी देण्याची. पाळकसाहेबांनी पुन्हा विचारलं. जरा मोठ्याने. समोरच्या भिंतीवर घड्याळ आहे. अकरा सेकंद गेले. व्याही खोकले.

मग दुसऱ्या बाकावरून गोडबोल्या उभा राहिला आणि म्हणाला, मी.

स्पष्ट म्हणाला. पाळकसाहेब पुढे गेले. व्हिडिओवाल्याने कॅमेरा त्याच्याकडे वळवला.

बाहेर आल्यावर मुलीने मला मिठी मारली. वर तोंड करून काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात फोटोवाल्याने तिला बोलावलं. मी नियम पाळला. तालमीत हा मुद्दा स्पष्ट करायला हवा होता, तो पाळकांनी केला नाही. चिठ्ठीत मोघम, अटीत मोघम. या घरात कोणालाच माप नीट सांगता येत नाही. गोडबोल्याला तर विचारलंच नव्हतं, तो प्रश्न त्याला नव्हता. हे मी बायकोला घरी येताना गाडीत सगळं क्रमाने सांगितलं.

ती खिडकीतून बाहेर बघत होती. म्हणाली, जन्मभर मी-मी करत आलात. आज एकदाच म्हणायचं होतं.

घरी आलो. ती आत साडी बदलायला गेली. मुलीच्या खोलीचा दिवा कोणीतरी चालूच ठेवला होता, तो बंद केला. मग बाथरूममध्ये जाऊन, दार लावून, एकदा म्हणून बघितलं.

आवाज अगदी व्यवस्थित आला.